गळा आणि कान

नाटकवेड्या महाराष्ट्राला आवाजाचे सोंग काही नवे नाही. ज्या प्रांतात पुरुषाने नेसलेला शालू पाहून घरंदाज स्त्रियांनी आपली नेसण सुधारली, त्या प्रांतात दुसऱ्याच्या गळ्याने बोलण्याचे अप्रूप ते काय असावयाचे! तरीसुद्धा संगणकावर चालणारी एक नवी करामत घराघरांत शिरली आहे आणि तिने आमच्या वसई-विरारकडच्या मुलांना अगदी वेड लावले आहे. माईकपुढे आपण बोलावे आणि बोलता बोलताच पलीकडच्याला भलताच आवाज ऐकू यावा. पोराचा बाईचा व्हावा, बाईचा राक्षसाचा व्हावा, आणि थोडी अधिक खटपट केली तर एखाद्या नामांकित गायकाचाही व्हावा. आधी ध्वनिमुद्रण करून मागाहून त्यात फेरफार करण्याचा हा प्रकार नव्हे. शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच त्याचे रूप पालटलेले असते. मुलांनी या सॉफ्टवेअरचे नाव ‘बहुरूपी’ असे ठेवून दिले आहे, आणि ते मला पसंत आहे.

ज्यांना हे आवडते ते याला खेळणे म्हणतात. ज्यांना भीती वाटते ते याला चोर म्हणतात. मी एक शाळामास्तर, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. कादंबरीत मलाही दहा जणांच्या आवाजात बोलावे लागते. तेव्हा हा बहुरूपी एका अर्थी माझाच व्यवसायबंधू. म्हणून त्याला खेळणे किंवा चोर न ठरवता, एक नट मानून त्याचे परीक्षण करावे असे मी योजिले आहे. मराठी प्रेक्षकाने आपल्या नटांना ज्या कसोट्या लावल्या त्याच यालाही लावाव्यात, म्हणजे पक्षपात होणार नाही.

प्रथम या नटाची रंगभूषा कशी होते ते सांगितले पाहिजे. एक बऱ्यापैकी माईक लागतो आणि कानाला हेडफोन लागतो. हेडफोनऐवजी स्पीकर ठेवला तर त्यातून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि लग्नाच्या मांडवात ऐकू येते तशी शिट्टी घुमू लागते. मग ते सॉफ्टवेअर संगणकावर चढवावयाचे. यानंतरची पायरी नवख्याला हमखास चकवते. बदललेला आवाज दुसऱ्या कार्यक्रमाकडे, म्हणजे बोलण्याच्या किंवा ध्वनिमुद्रणाच्या कार्यक्रमाकडे पोचवण्यासाठी एक तार लागते, आणि ही तार खरी नसते. संगणकाच्या आत एक काल्पनिक केबल बसवावी लागते. बहुरूपीने आपला आवाज तिच्या एका टोकाला ओतावयाचा आणि दुसऱ्या कार्यक्रमाला तिचे दुसरे टोक हाच माईक आहे असे सांगावयाचे. हे सांगावयाचे राहिले तर घरातल्या माणसाला आपला बदललेला आवाज ऐकू येतो आणि पलीकडच्याला मूळचाच. आमच्या शाळेतल्या संगणकांच्या खोलीत पहिला अर्धा तास असाच गेला.

त्यानंतर येतो विलंब. यंत्र आवाजाचा लहानसा तुकडा साठवते, त्यावर प्रक्रिया करते आणि मग पुढे सोडते. तुकडा लहान ठेवला तर आवाज फाटतो, मोठा ठेवला तर उशीर होतो. स्वतःचाच आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या उशिराने कानी पडू लागला की चांगला बोलका माणूसही अडखळू लागतो. म्हणून अनुभवी मुले आपला बदललेला आवाज स्वतः ऐकण्याचे बंद करून टाकतात. म्हणजे नट बोलतो आहे, पण तो काय बोलतो आहे ते त्याचे त्यालाच ऐकू येत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता आवाज पालटतो म्हणजे नेमके काय पालटते? पुरुषाचा स्वर बोलताना सामान्यतः सेकंदाला शंभर ते दीडशे कंपनांच्या घरात असतो, स्त्रीचा दोनशेच्या आसपास. तेव्हा स्वर चढवला की झाले, असे वाटते. परंतु तसे केले म्हणजे आवाज बाईचा न होता वेगाने फिरवलेल्या टेपसारखा चिरका होतो. तंबोऱ्याची तार पिळून स्वर चढवता येतो, पण त्यामुळे त्याचा भोपळा काही लहान होत नाही. माणसाच्या घशाची आणि तोंडाची पोकळी हा त्याचा भोपळा. प्रौढ पुरुषाचा तो सुमारे सतरा सेंटिमीटर लांब, स्त्रीचा त्याहून आखूड. जुनी साधने फक्त तार पिळत. नवी साधने भोपळाही बदलून देतात. त्यांतली काही तर एखाद्या विशिष्ट माणसाचा आवाज शिकून घेतात, आणि त्यासाठी दहा मिनिटांचे स्वच्छ ध्वनिमुद्रण पुष्कळ झाले, असे अशा एका साधनाचे कर्तेच सांगतात. ज्या आवाजाला घडायला साठ वर्षे लागली तो दहा मिनिटांत उचलता येतो.

ही करामत ऐकून थक्क व्हावे हे खरेच. पण हिची आजी कोण ते पाहिले म्हणजे एक गंमत कळते. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील होमर डडली या शास्त्रज्ञाने बोलणारे एक यंत्र तयार केले, आणि १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ते लोकांना दाखवले. त्याचे नाव व्होडर. पेटीसारख्या पट्ट्या, मनगटाखाली एक दांडी आणि पायाशी एक पायटा, एवढ्यावर एक तरुणी त्या यंत्राकडून वाक्ये बोलवून घेई. पण त्यासाठी तिला कित्येक महिने शिकावे लागे. एकेक व्यंजन कोठे सुटते, प्रश्न विचारताना स्वर कोठे वळतो, हे तिला आधी कानाने टिपावे लागे आणि मग बोटांत उतरवावे लागे. अर्थात यंत्राला गळा होता; कान त्या तरुणीचा होता. आजच्या बहुरूपीला अशी तरुणी लागत नाही. ही त्याची प्रगती आहे, आणि माझ्या मते त्याचे उणेपणही येथेच सुरू होते.

आपल्या रंगभूमीकडे वळू. बालगंधर्वांनी १९११ साली ‘मानापमाना’त भामिनी उभी केली, १९१६ साली ‘स्वयंवरा’त रुक्मिणी आणि १९१९ साली ‘एकच प्याला’त सिंधू. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आज लावून पाहाव्यात. तो पुरुषाचा गळा आहे हे कोणालाही सहज कळते. त्यांनी स्त्रीचा आवाज ‘काढला’ नाही. मग समोरच्या हजारो माणसांना, आणि विशेषतः स्त्रियांना, त्यात स्त्री कशी ऐकू आली? मला वाटते, ती स्वराच्या उंचीत नव्हती. शब्द कोठे अर्धवट सोडावा, मानिनीने रागात कोठे थबकावे आणि संसाराने पिचलेल्या बाईने कोठे आवंढा गिळावा, यांत होती. भामिनी आणि सिंधू या दोघींचा गळा एकच. तरी त्या दोन बाया आहेत. गळा न बदलता माणूस बदलून दाखवण्याची ही कला, आणि आमचा बहुरूपी नेमका तिच्या उलट आहे: तो गळा बदलतो आणि माणूस होता तसाच ठेवतो.

दुसरे उदाहरण शब्दभ्रमाचे. यशवंतराव पाध्ये यांनी ‘अर्धवटराव’ हा बोलका बाहुला लोकप्रिय केला आणि रामदास पाध्ये यांनी तो वारसा पुढे चालवला. बाहुल्याच्या तोंडून आवाज येतो असे आपल्याला वाटते. खरे पाहता आवाज कोठेही फेकला जात नाही. बाहुल्याचे ओठ हलताना दिसतात आणि कलावंताचे हलत नाहीत, म्हणून डोळा कानाला चकवतो. यात सगळ्यांत अवघड अक्षरे प, फ, ब, भ आणि म ही होत, कारण ती ओठ मिटल्यावाचून निघत नाहीत. ती टाळत किंवा जिभेने जुळवून घेत बोलावयाचे तर आपली भाषा अक्षराअक्षराने ऐकलेली असावी लागते. आणि एवढे करूनही अर्धवटराव आपल्याला आवडतो तो आवाजामुळे नव्हे, तर तो मालकाला उलट उत्तर देतो म्हणून. त्याला स्वभाव आहे.

तिसरे उदाहरण माझ्या मनात सर्वांत वर आहे. मराठवाड्याच्या लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात बावन्न पात्रे उभी केली. नेपथ्य जवळजवळ नाही, सोबतीला दुसरा नट नाही. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगभूमीवर आणली, त्याच घराण्यातली ही पुढची पिढी. लक्ष्मण देशपांडे २००९ साली गेले, पण ज्यांनी त्यांना ऐकले त्यांना ते वऱ्हाड अजून ऐकू येते. म्हातारीचा आवाज काढताना त्यांनी केवळ स्वर थरथरवला असता तर लोक पाच मिनिटे हसले असते आणि मग कंटाळले असते. तीन तास खुर्चीला खिळून राहिले ते एवढ्यासाठी की, प्रत्येक पात्राला स्वतःची बोली होती, हेका होता आणि श्वास होता. ही सामग्री गळ्यात सापडत नाही. ती ओसरीवर, एस.टी.च्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत वर्षानुवर्षे कान देऊन बसल्यावर मिळते.

तेव्हा माझी कसोटी अशी आहे: दुसऱ्याचा आवाज काढण्याआधी तो ऐकावा लागतो. आवाजाच्या सोंगात जी कला आहे ती ऐकण्यात आहे. काढणे हा तिचा शेवटचा आणि सोपा भाग. बहुरूपी आपल्याला काढून देतो, आणि त्यामुळे ऐकण्याचे कष्ट वाचतात. वाचतात म्हणण्यापेक्षा बुडतात म्हणावे.

हे मी नुसत्या तर्काने म्हणत नाही. गेल्या स्नेहसंमेलनासाठी आमच्या मुलांनी एक छोटी नाटिका बसवली. तिच्यात केळीची वाडी असलेली एक आजी होती. बिल्डर वाडी मागतो आणि आजी देत नाही, अशी गोष्ट. नववीतला एक मुलगा म्हणाला, “सर, आजी पडद्याआडून बोलू दे. मी बहुरूपी लावतो.” त्याने सगळी मांडणी स्वतः केली, आणि पहिल्याच वाक्याला खोलीत टाळ्या पडल्या. आवाज हुबेहूब म्हातारीचा होता. पण पाच वाक्ये झाली आणि मुले खुसखुसू लागली. ही आजी क्रिकेटच्या समालोचकासारखी बोलत होती! वाक्ये पुरी, घाईची आणि पाठ केलेली. हसली तेव्हा आवाज चरचरला. कुजबुजली तेव्हा तर काहीच्या बाही झाले. कारण कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, आणि स्वरच नसला तर यंत्राने बदलावे तरी काय? ‘चहा’तला च आणि ‘चांगला’तला च यांतले अंतर पुसट झाले होते आणि ‘वाडी विकायची नाही’ हे वाक्य दूध नको म्हणावे तसे निघाले होते.

मग वाडीवरून येणाऱ्या एका मुलीने, यंत्राशिवाय, स्वतःच्या बारीक आवाजात तोच प्रवेश म्हणून दाखवला. तिने उठताना गुडघ्यावर हात ठेवून एक श्वास घेतला, “अगं…” एवढे म्हटले आणि वाक्य तसेच सोडून दिले. बिल्डरला उत्तर देण्याआधी ती इतका वेळ गप्प राहिली की, मला वाटले ही संवाद विसरली. स्वर तेरा वर्षांच्या पोरीचा, पण खोलीतल्या निम्म्या मुलांना आपापली आजी ऐकू आली.

एवढ्यावर निकाल देऊन टाकणे सोपे होते. परंतु त्या मुलाने यंत्राचा हट्ट का धरला होता ते मला त्याच दिवशी कळले. “सर, माझा आवाज फुटलाय. मी बोललो की सगळे हसतात,” तो म्हणाला. वयात येताना मुलाचा गळा त्याला न विचारता बदलतो. कालपर्यंत गोड गाणारा पोर आज तोंड उघडायला भितो. अशा मुलाला बहुरूपी म्हणजे खेळणे नव्हते. तो एक आडोसा होता, आणि त्याच्यामागे उभा राहून तो कित्येक महिन्यांनी चारचौघांत बोलला होता. ज्या यंत्राने एका मुक्या झालेल्या मुलाला बोलते केले त्याची निर्भर्त्सना करावयास माझी जीभ धजेना. घशाच्या आजाराने आवाज गमावलेल्या किंवा गमावू लागलेल्या माणसांना स्वतःच्याच जुन्या ध्वनिमुद्रणांवरून आपला आवाज परत देण्याचे कामही याच विद्येने केले जाते. त्याचे मोल कोणी नाकारू नये.

मी त्याला एवढेच सांगितले की, यंत्र असू दे, पण आजी आण. तो चार रविवार शेजारच्या एका आजींकडे जाऊन बसला. त्या सुकेळी करीत आणि हा ऐके. परत आला तेव्हा यंत्र तेच, सेटिंग तेच, केबल तीच. पण पडद्याआडची बाई मात्र आता वसईची होती. ती मध्येच थांबत होती, शेजारणीचे नाव काढीत होती, आणि नकार देताना आवाज चढवण्याऐवजी उतरवीत होती. नाटिकेच्या दिवशी कोणी हसले नाही. आडोसा तोच, पण आता आडोशामागे कोणी तरी होते.

आमच्या भागात या गोष्टीला विशेष अर्थ आहे. वाडवळी, सामवेदी ख्रिस्ती समाजाची कादोडी, कोळी, आगरी, वारली अशा बोली या पट्ट्यात नांदत आल्या. आता टोलेजंग इमारतींबरोबर हिंदी, गुजराती आणि आणखी कितीतरी भाषा आल्या. सकाळच्या विरार लोकलच्या एका डब्यात जेवढे आवाज ऐकू येतात तेवढे एखाद्या कादंबरीत मावणार नाहीत. या बोली बोलणारी म्हातारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. आवाज बदलणाऱ्या अशा कित्येक साधनांचा पाया परदेशी, पुष्कळदा इंग्रजी ध्वनिमुद्रणांवर घातलेला आहे. वाडीवरची आजी त्यांना कोणी ऐकवलेली नाही. मुलांनी तिला ऐकावयाचे सोडले तर तिचा गळा कदाचित यंत्रात राहील, पण तिची बोली कोणाच्याच तोंडात राहणार नाही.

नटाची दुसरी कसोटी प्रामाणिकपणाची. सोंगाला प्रेक्षकाची संमती लागते. भामिनी पाहावयास गेलेल्या प्रत्येकाला नारायण श्रीपाद राजहंस हे नाव ठाऊक होते. २०११ साली ‘बालगंधर्व’ हा चित्रपट निघाला. पडद्यावर सुबोध भावे गात होते आणि गळा आनंद भाटे यांचा होता. श्रेयनामावलीत दोघांचीही नावे होती आणि भाटे यांना त्या गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. उसना गळा आपल्याला मुळीच खटकत नाही, उसनवारी सांगितली की पुरे. उलट जेथे न सांगता गळा उचलला जातो तेथे कोर्टाची पायरी येते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंह यांच्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या दाव्यात, परवानगीवाचून यंत्राद्वारे त्यांचा आवाज वापरण्यास अंतरिम मनाई केली. ज्या गळ्याने सात-आठ दशके प्रत्येक गाण्यात निराळी बाई उभी केली, तो गळा कोणीही दहा मिनिटांच्या मुद्रणावर चालवावा हे न्यायालयाला रुचले नाही, आणि रसिकालाही रुचू नये.

गायकांना न्यायालय आहे. घरातल्या आजीला कोण आहे? नातवाच्या आवाजात फोन येतो, “आजी, अपघात झालाय, ताबडतोब पैसे पाठव.” अशा फसवणुकी हल्ली होतात. येथेही माझी पहिली कसोटीच उपयोगी पडते. चोराजवळ नातवाचा गळा असतो, नातू नसतो. तो आजीला कोणत्या नावाने हाक मारतो, अडचण सांगण्याआधी काय पुटपुटतो, हे चोराने ऐकलेले नसते. ज्या घरात माणसे एकमेकांचे बोलणे कान देऊन ऐकतात, त्या घरात हा बहुरूपी फार वेळ टिकत नाही. तरी शंका आली की फोन ठेवावा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरावर आपणच फोन करावा. यात कोणाचा अपमान होत नाही.

आता निकाल. नट म्हणून बहुरूपीला मी रंगभूषेत पैकीच्या पैकी गुण देतो, पाठांतर त्याचे नाहीच, आणि अभिनयात तो जो कोणी त्याच्या मागे उभा असेल त्याच्याइतकाच चांगला किंवा वाईट आहे. त्याला घरात घ्यावयाचा की नाही, असे पालक मला विचारतात. घ्यावा, पण मुलाला एक प्रश्न विचारण्याची सवय लावावी. दिवाळीत फराळ उरकला, पाने उचलली गेली, की बहुतेक घरांत एखादे कार्टे काकांची किंवा आत्याची नक्कल करून दाखवते, आणि काका समोरच बसलेले असतात. ते आधी डोळे वटारतात, मग हसतात, आणि शेवटी म्हणतात, “मी असा बोलतो होय रे?” ज्याचा आवाज काढला त्याने ऐकून ओळखला आणि तो हसला, याहून मोठे प्रशस्तिपत्र नक्कल करणाऱ्याला नाही. म्हणून प्रश्न एवढाच: ज्याचा आवाज तू काढतो आहेस, त्याच्यासमोर तो तुला काढता येईल काय? येत असेल तर यंत्र खुशाल लाव. येत नसेल तर ते बंद कर, आणि आधी त्या माणसाजवळ जाऊन बस.